विहिरीचा सातवा वार

शुक्रवारपर्यंत आमच्या गेमचं एक एंडिंग उडवायचं होतं. कोणतं, ते लोकांच्या मतांवर ठरणार होतं.

"पोल टाकू," आमचे बॉस निखिल सर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाले. "थोरला की धाकटा. ज्याला जास्त मतं, तो खरा शेवट. दुसरा अपडेटमध्ये काढून टाकायचा. भांडण खतम."

मी मोबाइल गेमच्या गोष्टी लिहिते, जालन्यात घरी बसून. शेजारच्या काकूंना वाटतं मी डेटा एंट्री करते, आणि मीही त्यांना कधी सुधारलेलं नाही. आमच्या 'पाणवाट' या गेमचे तीन भाग आले. थोरला दगडू आणि धाकटा भानू हे दोन भाऊ आणि शेवंता ही त्यांची बहीण. खेळणारा म्हणजे शेवंता. पेरायचं काय, बैल कोणाच्या शेतात आधी जायचे, भांडणात कोणाची बाजू घ्यायची, हे सगळं त्याने ठरवायचं. तिसऱ्या भागाच्या शेवटी आम्ही विचारलं होतं, विहीर कोणाला? एकाला दिली की दुसरा कायमचा गाव सोडून जातो. लिहून झाल्यावर मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

गेम बाहेर आला आणि लोक पेटले. फॅन ग्रुपवर दगडूवाले आणि भानूवाले असे दोन तट पडले, एकमेकांची उणीदुणी निघाली. तक्रार मात्र दोघांची एकच होती. आधी आम्ही इतकं निवडलं, त्याचं शेवटी काय झालं?

तक्रार खरी होती. गेममध्ये तुम्ही काही निवडलं की आत एक छोटी नोंद ठेवली जाते. तिला आम्ही फ्लॅग म्हणतो. पुढची गोष्ट या नोंदी वाचून वळते. शेवट लिहिताना रिलीजची घाई होती, म्हणून मी एकही फ्लॅग वाचायला लावला नव्हता. लोकांकडून तीन भाग चिठ्ठ्या घेतल्या आणि पेटी उघडलीच नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती.

पोलची बातमी फुटली तशी सपोर्टच्या ईमेलवर मंठ्याहून एक निरोप आला. राजू नावाचा खेळाडू. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, दुसऱ्या दिवशी तो मोटरींसाठी तांब्याची तार घ्यायला जालन्याला येणार होता आणि 'गोष्ट लिहिणाऱ्याला' भेटायचं म्हणत होता. मी त्याला तार मिळते त्या दुकानाजवळच्या हॉटेलात चहाला बोलावलं.

"तुम्ही लिहिता होय? मला वाटलं बंगळूरचं कोणी असंल."

"मी इथल्याच कुंभार पिंपळगावची."

त्याने कप खाली ठेवला. "मंग तर हद्द झाली, मॅडम! विहीर कधी एकाला देतेत का? शेत वाटतेत, बांध घालतेत. विहीर सामाईक ऱ्हाती, पाण्याचे वार लावतेत. तीन वार माझ्या भावाचे, तीन माझे, रविवार आलटून पालटून. दोन वर्षं झाली, आम्ही बोलत न्हाई. पण त्याचा वार आला की माझी मोटर बंद म्हंजे बंद. तुमच्याकडं असं न्हाई का?"

असंच आहे. माझे वडील आणि काका यांची विहीर आजही सामाईक आहे. 'आज आपला वार नाही' हे ऐकत मी मोठी झाले. पण गोष्ट लिहायला बसले, तेव्हा डोक्यात परदेशी गेमचे शेवट होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"तीन भाग मी दोघांला जोडून राह्यलो," राजू म्हणाला. "अन् शेवटी तुम्ही विचारता, हाकलू कोणाला? आता शुक्रवारी एक शेवट उडवला, तर अर्ध्या लोकांचं खेळणं खोटं. माझं तर बिलकुल दोन्हीकडून खोटं."

घरी येऊन मी सरांना फोन लावला. "पोल नको सर. चूक माझी आहे." फ्लॅगचं सगळं सांगितलं.

सर म्हणाले, "नोंदी शाबूत आहेत?"

"सगळ्या. प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत."

"आधी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"एक आठवडा. नाहीतर पोल."

मी तिसरा शेवट लिहिला. विहीर सामाईक, तीन-तीन वार. रविवार कोणाचा, ते तुमच्या तीन भागांतल्या नोंदी ठरवणार. आधीचे दोन्ही शेवट तसेच ठेवले. बाहेर सोडण्याआधी कच्चा गेम काही खेळाडूंना तपासायला देतात, तसा राजूलाही दिला. तो खूश. त्याच्याच फोनवर त्याची बहीण सुमन खेळली. ती मंठ्यातच दिली आहे, शाळेत शिकवते. तिने एका ओळीच्या मेसेजमध्ये विचारलं, "शेवंताचा वार कोणता?"

मी फोन बाजूला ठेवला. तीन भाग जिने सगळ्यांचं पाहिलं, तिला मी थेंबभर पाणी दिलं नव्हतं. मी स्वतः वडिलोपार्जित जमिनीतला वाटा सोडत हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हाही हा प्रश्न मला पडला नव्हता, तर इथे कुठून पडणार? वाईट वाटलं, आणि सुमनचा हेवाही वाटला.

रविवारला तिसरं नाव जोडलं, शेवंताचं. अपडेट गेलं, पोल रद्द झाला. ग्रुपवर अजून भांडतात, पण आता 'तुला कोणता रविवार आला' असं विचारत भांडतात. ते वाचायला मला आवडतं.

महिन्याभराने राजूचा फोन आला. "मॅडम, तुमच्या गेमपायी एक लफडं झालं. सुमननं आम्हा दोघा भावांला समोर बसवलं. म्हणती, मला आपल्या शेतात दोन गुंठे भाजीपाला लावायचाय, रविवार माझा."

"मग?"

"मंग काय, दिला. भांडण मुळात त्या रविवारवरूनच होतं. आता भांडायला वारच ऱ्हायला न्हाई. भाऊ काल दुकानात आल्ता, चहा पिऊन गेला."

माझ्या धंद्यातली शिकवण एवढीच: खेळणाऱ्याला निवड देताना जपून द्यावी, लोक ती घरी घेऊन जातात.