शुभदाने विलासबद्दल विचारलं तेव्हा

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. देवासमोर उभी राहिले तरी एवढं सोडून बाकी सगळं बोलते. तुम्हाला का सांगते आहे — खरंच माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पावस गावात आम्ही घर बांधायला काढलं होतं. नवरा नोकरीला मुंबईत. त्यामुळे माझी रत्नागिरीतली शाळा, सासूबाईंचं दुखणं आणि बांधकाम, सगळं माझ्यावर. त्यात घरमालकाने भाड्याची जागा सोडायला सांगितलेली. चिऱ्याच्या भिंती जवळजवळ वर आल्या, उन्हाळा सरत आला, आणि सेंटरिंगवाला मिळेना. घर बांधलेल्यांना हा घोर ठाऊक असेल. स्लॅब ओतायचा तर आधी खाली टेकू, त्यावर फळ्या नि प्लेटा. काँक्रीट घट्ट होईपर्यंत सगळा भार त्या सांगाड्यावर. तो बांधणारा चांगला माणूस पावसाच्या तोंडावर कुठून मिळायचा? सगळ्यांनाच घाई. आणि पाऊस लागला की काम दिवाळीपर्यंत लटकलं. मग सासूबाईंना घेऊन मी जायचं कुठे? झोपेतसुद्धा ढग दिसायचे मला.

शेवटी गवंड्याने विलासचं नाव सांगितलं. आसपासच्या गावांत त्याच्या कामाला नाव होतं. शांत माणूस. बिनसाखरेचा चहा प्यायचा, तंबाखूसुद्धा खायचा नाही. यायला तयार झाला, पण एक गोष्ट त्याने तोंडावर सांगितली — ज्यांच्या भिंती आधी पुऱ्या होतील त्यांचं काम आधी. सरळ होतं त्याचं. मला मात्र त्या दिवसापासून प्रत्येक बांधकामाच्या भिंती दिसायला लागल्या.

आणि शुभदाच्या भिंती माझ्या पुढे होत्या.

शुभदा माझ्याच शाळेत. डबा एकत्र खाणाऱ्या आम्ही. तिच्या नवऱ्याची, अविनाशची, पावसच्या अलीकडे आंब्याची बाग. तिथेच त्यांचं घर चाललेलं. उंच कलमावर स्वतः चढून आंबा उतरवणारा माणूस तो. मला 'वहिनी' म्हणायचा. पहिली पेटी दरवर्षी आमच्याकडे यायची — हे आत्ता कशाला सांगतेय मी? पुढचं लांबवते आहे, दुसरं काय.

एके दुपारी स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता शुभदा म्हणाली, "तुमच्या बाजूचा तो विलास कसा आहे गो? ह्यांनी विचारायला सांगितलंय. चांगला असेल तर उद्याच बोलवतो."

उद्याच. तेवढा एकच शब्द मी ऐकला.

चांगला आहे, पण मी आधी ठरवलाय, असं म्हणता आलं नसतं का? शुभदा थांबली असती. तशीच आहे ती. पण नाही थांबली तर — हा 'तर' माझ्या छातीवर बसला होता. मी भाजीकडे बघत म्हणाले, "काम बरं आहे गं. पण पितो. कामावरसुद्धा पिऊन येतो."

इतकंच. पुढचा घाससुद्धा घेतला मी.

विलास माझ्याकडे आला. माझा स्लॅब सरळ, सुरेख झाला. शुभदाने घाईत बाहेरची एक टोळी बोलावली. त्यांच्या स्लॅबच्या दिवशी मीही पेढे घेऊन गेले होते. काँक्रीट वर चढत होतं. खालून काहीतरी कुरकुरलं म्हणून अविनाश बघायला आत गेला, आणि कोपऱ्यातले टेकू सरकले. आवाज फार मोठा नव्हता — ओली वाळू ओतल्यासारखा. मग शुभदा ओरडली.

जीव वाचला त्याचा. पाय वाचला नाही. म्हणजे आहे, पण त्यावर भार टाकता येत नाही. आता तो काठी घेऊन कलमाखाली उभा राहतो आणि वर चढलेल्या गड्यांना फांदी दाखवतो.

हॉस्पिटलच्या बाकावर शुभदा माझा हात धरून म्हणाली, "तू निदान विलासबद्दल वेळेत सावध केलंस. तो प्यालेला असता तर आज काय झालं असतं गो!" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं ना? त्या अवस्थेत कसं सांगू, असं मी स्वतःला म्हणाले. नंतर ती सावरली, तेव्हा म्हणाले — आता जुनं कशाला उकरायचं?

बोललेलं आपल्यापाशी राहत नाही. शुभदाने तिच्या गवंड्याला सांगितलं, त्याने आणखी कोणाला. पुढच्या हंगामात विलास माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"बाई, माझ्याबद्दल कोणीतरी वाईट सांगितलान. ठरलेली कामं हातची जातायत. तुमच्याकडे मी कधी पिऊन आलो काय? तुम्ही शाळेतल्या बाई, तुमचं लोक ऐकतील. एकदा सांगा ना."

"सांगते," मी म्हणाले. नजर त्याच्या चपलांवर होती.

नाही सांगितलं. कोणालाच नाही. 'मग तूच तसं म्हणाली होतीस ना' असं शुभदा सगळ्यांसमोर म्हणेल, ह्या भीतीने मी गप्प बसले. विलासने इथलं काम सोडलं. आता चिपळूणकडे दुसऱ्याच्या हाताखाली मजुरी करतो म्हणतात.

गेल्या आठवड्यात शुभदा आमच्याकडे आली होती. तिच्या मुलीला घरावर वरचा मजला चढवायचा आहे. सेंटरिंगवाला शोधायचा म्हटलं की ती अजून दहा जणांना विचारते. भरवशाचा माणूस सुचव म्हणाली. माझ्या तोंडून विलासचं नाव गेलं.

"तो? तूच तर म्हणाली होतीस, पितो म्हणून."

खोलीत आम्ही दोघीच होतो. तिने नुसतं विचारलं होतं, रागाने नव्हे. वाट बघत होती माझ्या उत्तराची.

मी म्हणाले, "आता सुधारला असेल."

शुभदा माझ्याकडे बघून हसली. "तुझं मन मोठं आहे हो," म्हणाली.

विलास कधीच पीत नव्हता. मी खोटं बोलले होते. आणि गेल्या आठवड्यात पुन्हा बोलले.