एकादशी पाळणारा कुत्रा

आमच्या कुत्र्याच्या काही सवयी मला आजवर उलगडलेल्या नाहीत. बसण्याआधी तो तीन गिरक्या घ्यायचा; त्या काय, सगळेच कुत्रे घेतात. पण माझ्या वडिलांचं, अप्पांचं, शिलाई मशीन थांबलं की हा उठून भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि मशीन सुरू झालं की परत यायचा. भुंकायचा तो छत्रीवर, छत्रीखालच्या माणसावर कधीच नाही.

त्याची सगळ्यांत गाजलेली सवय मात्र मला पुरती ठाऊक होती, कारण ती मीच लावली होती. तीस वर्षं मी हे कुणाला बोललो नाही.

एकादशीला आमच्या घरी भात शिजत नसे. कुत्र्यापुरता तेवढा आई दूधभात करी. दर एकादशीला तो भात हुंगून कुत्रा पाठ फिरवी. आधी आईला वाटलं, पोट बिघडलं असेल. चौथ्या एकादशीला अप्पांनी मशीन थांबवून त्याला हात जोडले. मग गल्लीतल्या बायका त्याला बघायला येऊ लागल्या. एकजण म्हणाली, आमच्या ह्यांच्यापेक्षा बरा.

खरी गोष्ट अशी की मला उपवास झेपत नसे. कुत्र्याला फिरवायच्या निमित्ताने मी बोगादीच्या रस्त्यावरच्या बेकरीत जायचो. चार एग पफ घ्यायचो, दोन मला, दोन त्याला. त्याने घरी जाऊन सांगू नये म्हणून जणू.

त्याच सुमारास अप्पांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी उपवास बंद करायला सांगितलं. दोन एकादश्यांना अप्पांनी निमूट इडली खाल्लीसुद्धा. तिसऱ्या वेळी कुत्र्याकडे पाहून त्यांनी ताट सरकवलं. म्हणाले, "मुकं जनावर पाळतंय, आणि मी सुम्ने, उगीचच, खात बसू?"

मी समोरच होतो, भरल्या पोटाने.

कुत्रा म्हातारा होऊन गेला, अप्पांचा उपवास राहिला. गेल्या महिन्यात एकादशीला त्यांना मशीनवरच चक्कर आली. साखरपाणी पाजून मी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रागावले. घरी आल्यावर अप्पांचं उत्तर तेच, कुत्र्याने मरेपर्यंत पाळली म्हणून. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. त्यांच्यासमोर खाली बसून सगळं सांगून टाकलं.

अप्पा शर्टाला काजं करत होते. सुई थांबली.

"अंड्याचा?"

"अंड्याचा."

त्यांनी सुई शर्टात टोचून ठेवली. मग त्यांनी विचारलं, "आणि तू हुणसूरला होतास तेव्हा?"

मधे आठ महिने मी हुणसूरला एका टेलरकडे कामाला होतो, फक्त रविवारी यायचो. त्या आठ महिन्यांतही कुत्र्याने एकादशीला भाताला तोंड लावलं नव्हतं. आई कौतुकाने सांगायची आणि मी चक्रावून जायचो. त्याला तेव्हा कोण खाऊ घालत होतं? एकादशी आहे हे तरी कसं कळायचं?

"ते नाही माहीत, अप्पा."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, झालं, माझं सांगणं फुकट, आता हे पुन्हा उपाशी राहणार. पण ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "कुत्र्याला निम्मे दिलेस. मी काय रे, लांब होतो?" आणि हसू लागले. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतके हसले. मला मात्र हसता येईना.

मग त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली. "बरं, मी सोडतो. पण घरात एकाने तरी पाळायला हवी. तुझी आई नाही, कुत्रा नाही, मी नाही. मग राहिलं कोण?"

परवा एकादशी होती. अप्पांनी चार इडल्या खाल्ल्या, चटणी दोनदा मागून घेतली. समोर मी एक केळं घेऊन बसलो होतो. अकराच्या सुमारास म्हटलं, जरा पाय मोकळे करून येतो.

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बस तिथंच," ते म्हणाले.