खुंटीवरचे बूट

माझ्या नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्या आईचा फोन आला. ती रडत होती. तुमच्यातली थोरली आणि तिचा नवरा नोकऱ्या सोडून, पाठीवर पिशव्या घेऊन जगभरचे डोंगर चढत फिरणार, असे तिने सांगितले. "आई, तू तरी समजाव, तुझं ती ऐकेल," म्हणाली. मी हो म्हटले. पण समजावायला मी योग्य माणूस नाही, हे तिला ठाऊक नाही. तिला तिचे वडील आठवतात ते ड्रॉइंगच्या टेबलावर वाकलेले. तुम्ही तर त्यांना पाहिलेलेच नाही. तिच्या जन्माआधी आम्ही दोघे कसे राहत होतो हे सांगणारी आता मीच उरले आहे. म्हणून लिहिते.

लग्न झाले तेव्हा मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि तुमचे आजोबा यंत्रांची ड्रॉइंगे काढत. शिकवणारी बाई आणि ड्रॉइंग काढणारा माणूस त्या काळी कुठेही लागत असे. आम्ही मुंबईहून बोटीने पूर्व आफ्रिकेला गेलो. बर्फ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो विषुववृत्ताजवळ, किलिमांजारोवर. माझ्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी हे उत्तर चूक धरले असते. पुढे सिलोन, मग आल्प्स, मग स्कॉटलंड. डोंगराजवळच्या गावात काम धरायचे, भाड्याची खोली घ्यायची, सुट्टी मिळाली की चढायचे, आणि तिथले डोंगर संपले की गाव सोडायचे. पुण्याचे नातेवाईक आम्हाला बैरागी म्हणत. बैराग्याला निदान बायको नसते, असे माझ्या सासूबाई म्हणत.

खोलीचा नियम एकच होता. भिंतीला काही लावायचे नाही. कपडे, भांडी, स्टो, वापरले की पुसून परत पिशवीत. मला शिस्तीची आवड, त्यामुळे अंधारातही माझा हात नेमका हव्या त्या वस्तूवर पडे. खोलीत खुंटी दिसली की तुमचे आजोबा म्हणत, "तिच्याकडे बघू नकोस. ती धरून ठेवते."

हिमालय आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. घरचाच आहे, शेवटी सावकाश जाऊ, असे म्हणत होतो.

स्कॉटलंडमध्ये त्यांना खोकला लागला. थंडीचा असेल म्हणून आम्ही दोघांनी सोडून दिला. रुमालावर रक्त दिसले तेव्हा परत यायचे ठरले. तळेगावच्या बाजूला क्षयाच्या रुग्णांसाठी दवाखाना होता. तिथे त्यांच्या एका बाजूच्या काही बरगड्या काढून त्या बाजूचे फुप्फुस कायमचे मिटवले. बाहेर आले ते एका खांद्याने खाली झुकलेले. डॉक्टर म्हणाले, "बरे झालात. आता बसून करायचं काम बघा."

पिंपरीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. एका कारखान्यात त्यांना ड्रॉइंगचे काम मिळाले. आम्ही चिंचवड गावात एका शेतकऱ्याच्या घरामागची खोली घेतली. घर चालवायची ती त्याची म्हातारी आई. तिला सगळे आत्याबाई म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी तिने आमचे बूट उचलून उलटे केले. तळाला लोखंडी खिळे होते.

"आगं बया! बैलाला नाल मारत्यात तसं मानसालाबी मारत्यात व्हय?"

"बर्फावर पाय घसरू नये म्हणून," मी म्हटले.

"आन् तुमी बर्फात कशाला जाता, गरम व्हतंय म्हून?"

तुमचे आजोबा दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

खोलीच्या मातीच्या भिंतीत चांगल्या सागवानी खुंट्या होत्या. त्या मोकळ्या पाहून आत्याबाईला चैन पडेना. भरल्या घरात खुंटी रिकामी बघू नये, असे तिचे म्हणणे. "टोपी तरी अडकवा की," ती येताजाता सांगे. आम्ही ऐकले नाही, तेव्हा ती आम्हाला बिऱ्हाडकरू म्हणेना. "माजं पाव्हणं," असे सगळ्या आळीत सांगायची. "हायेत चार दिस. उडून जात्याल." आम्हाला ते ऐकायला बरे वाटे.

कारण आमचे ठरले होते. तळेगावच्या रस्त्याला घोरावडेश्वराचा डोंगर आहे. गुराखी त्यावर शेरडे नेतात, असा तो डोंगर. महाशिवरात्रीला तिथे जत्रा असते. त्या दिवशी न बसता वर पोहोचलो, तर पावसाळा संपल्यावर नोकरी सोडून हिमालयात, कुमाऊंला जायचे, असे तुमचे आजोबा म्हणाले. नाही पोहोचलो तर काय, ते त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. थंडीभर ते रोज पवनेच्या काठाने चालत. दाराशी आले की आधी श्वास घेत उभे राहत आणि मग कडी वाजवत. मी आतून ऐकत असे.

शिवरात्रीला आम्ही आत्याबाईबरोबर गेलो. आगगाडीने देहूरोडपर्यंत, पुढे पायी. आम्ही दोघांनी बूट घातले होते. ती अनवाणी होती, हातात पाण्याचा तांब्या. पायथ्याशी खूप माणसे होती, नारळवाले, फुगेवाले, कडेवर पोरे घेतलेल्या बायका. चढ सुरू झाला. आत्याबाई पुढे गेली आणि तुमचे आजोबा त्यांच्या जुन्या चालीने निघाले, मोजकी पावले टाकत, घाई न करता. मला वाटले, जमले.

पहिल्या वळणाला त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "थांबू या जरा," मी म्हटले. त्यांनी मान हलवली. आणखी थोडे चढले, मग दगडाला हात लावून उभे राहिले, मग त्याच दगडावर बसले. ओठ निळे पडले होते. मागून आलेल्या बायका बाजूने वर जात होत्या. एकीने मला विचारले, "उन्हाचं व्हय?" मी हो म्हटले.

"अहो, परत येऊ ना. पुढच्या महिन्यात," मी म्हटले.

"बुटांकडे लोक बघतायत," ते म्हणाले. "काढू का?"

आम्ही तिथेच बसून राहिलो. वरून घंटा ऐकू येत होती. तासाभराने आत्याबाई खाली आली, पदरात प्रसाद घेऊन. आम्ही वर आलो नव्हतो हे तिने पाहिले होते. तिने त्यांच्या हातावर बेलाचे पान ठेवले आणि म्हणाली, "हितंच दर्शन झालं समजा. देव काय, वर-खाली समदीकडं हाय." ती प्रेमाने म्हणाली. ज्या माणसाने जगभर फक्त वर जाण्यासाठी घरे सोडली, त्याला ते ऐकून काय वाटले असेल, ते मला त्याच्या तोंडावर दिसले.

दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते. त्यांनी बूट घासूनपुसून स्वच्छ केले, आधी स्वतःचे, मग माझे. मग नाड्या एकमेकांत बांधून चारही बूट दारामागच्या खुंटीला अडकवले.

"माझे कशाला?" मी विचारले.

"तू एकटी जाणार आहेस?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरेच उत्तर हवे होते. हो म्हटले असते तर त्यांनी माझे बूट सोडवून दिले असते. मी कणीक मळत राहिले.

संध्याकाळी आत्याबाई वाटीभर ताक घेऊन आली. तिची नजर दारामागे गेली आणि तोंड फुलले. "आता कसं! आता बिऱ्हाडकरू झालात," ती म्हणाली, आणि आळीत सांगायला गेली.

त्यानंतर दुसरी खुंटी भरली, मग तिसरी. शर्ट, छत्री, कॅलेंडर. मी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. तुमची आई झाली. हिमालयाचे नाव घरात निघेनासे झाले. कधी तळेगावकडे जायचे झाले तर तुमचे आजोबा आगगाडीत पलीकडच्या खिडकीशी बसत, म्हणजे तो डोंगर दिसत नसे. ते गेले तेव्हाही बूट खुंटीलाच होते.

थोरलीला काय सांगावे, हे एवढे लिहूनही मला सुचलेले नाही. तुमच्या आईला सांगा की मी पत्र पाठवले आहे.

आत्याबाईचे घर पाडले, तिथे आता मोठी इमारत आहे. आजोबांच्या बुटांचे कातडे उंदरांनी कुरतडले, ते टाकावे लागले. माझे बूट आहेत, पलंगाखाली खोक्यात. ते लाकडासारखे कडक झाले आहेत आणि पायात जात नाहीत.