गोठ्यामागची गुलाबी जास्वंद

गेल्या मे महिन्यात आम्ही गावाहून निघालो, तेव्हा तुझी वहिनी एसटीत मांडीवर ओलं गोणपाट घेऊन बसली होती. बाबी, तूच तिला चढताना हात दिलास. कंडक्टर म्हणाला, "आजी, ते टपावर टाका." ती म्हणाली, "टपार तू बस." गाडीतली माणसं हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला तिची लाज वाटत होती. ते आता लिहून ठेवतो.

गोणपाटात जास्वंदीच्या तीन फांद्या होत्या. दोन तांबडीच्या, आपल्या अंगणातल्या. एक गुलाबीची, गोठ्यामागची.

ती गुलाबी तिनं लग्न होऊन येताना माहेराहून आणलेली. आपल्या आईनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "ह्या फूल देवाक चलूचा नाय. गोठ्याफाटी लाव." तिनं गोठ्यामागं लावली. पुढं मी तिला लालबागला आणली. चाळीत माती कुठली. गॅलरीत तुळशीचा एक डबा ठेवला तर शेजारीण भांडायची. अशी तीस वर्षं गेली. मग माझी गिरणी बंद पडली, आपल्या सुधीरला विक्रोळीच्या कारखान्यात काम लागलं, आणि आम्ही ती खोली देऊन मुलुंडला तळमजल्यावर आलो. दारापुढं दोन हात माती. मी म्हटलं, मिरच्या लाव, अळू लाव, खायला तरी होईल. ती म्हणाली, "हय सासू नाय. गुलाबी फुडे लावतलंय." दारासमोर गुलाबी, खिडकीखाली दोन तांबड्या. तिचं सगळं ठरलेलं होतं.

नुसत्या फांद्या सारख्याच दिसतात. म्हणून तिनं गावातच चिंध्या बांधल्या. तांबड्यांना देवाच्या जुन्या तांबड्या कापडाच्या. गुलाबी कापड मिळेना, तर आपल्या जुन्या पोलक्याची बाही फाडली. पावसाळाभर फांद्या डब्यांत होत्या. पानं आली. दसरा झाला की जमिनीत लावू, म्हणत होती.

नवरात्रात ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी नाही. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. जेवतो, झोपतो, दूध आणतो.

तेराव्याला बायका म्हणाल्या, तिचं कापड घरात ठेवू नका. लुगडी वाटून टाकली. डब्यातल्या फांदीवर तिच्या पोलक्याचं कापड दिसलं, तेही सोडलं. सोडतोच आहे तर म्हणून तांबड्या चिंध्याही सोडल्या. कचऱ्यात टाकल्या. देवनारच्या उकिरड्यावर गेल्या असतील.

झाडं लावायला काढली ती माघात. सूनबाईनं विचारलं, "बाबा, यातली गुलाबी कुठली?" तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो ते.

तिन्ही डबे घेऊन बसलो. पान पानाला लावून बघितलं. एक पान खिशात घालून नर्सरीत गेलो. तिथला माळी म्हणाला, "चाचा, फूल आएगा तब मालूम पडेगा. गुलाबी चाहिए तो ये ले जाओ, खिला हुआ है." विकतची घेऊन काय करू. परत आलो. मग तुला कार्ड टाकलं की गोठ्यामागच्या झाडाचं पान नीट बघून कळव. तुझं उत्तर आलं, दादा, गोठा पाडला, संडासाला जागा हवी होती, ती जास्वंद तोडली. तुला दोष देत नाही. तुला काय ठाऊक. मला ठाऊक होतं, तरी मी चिंध्या सोडल्या.

म्हणजे उरली ती माझ्या तीन डब्यांतली एक.

मी तिन्ही पुढंच लावली, दाराच्या तोंडाशी एका ओळीत. त्यातली जी गुलाबी असेल ती पुढं असेल. सुधीर म्हणाला, "बाबा, सायकल कुठून आत घेऊ?" म्हटलं, उचलून घे. शेजारचे बँकवाले म्हणाले, "आजोबा, दाराला कुंपण घातलंत काय?" म्हटलं, हो.

पहिली चैत्रात फुलली. तांबडी. दुसरी पंधरा दिवसांनी. तांबडी. तिसरीची कळी गळून पडली. पाणी घालत राहिलो. पुन्हा एक कळी धरली.

परवा मंगळवारी दुधाच्या बाटल्या घेऊन आलो, तर कळी जागेवर नाही. नुसता देठ. आत गेलो. गणपतीच्या तसबिरीला गुलाबी फूल. सूनबाई म्हणाली, "या झाडाचं पहिलंच फूल ना, म्हणून देवाला वाहिलं. गुलाबी चालतं ना, बाबा?"

मला आई आठवली. मी म्हटलं, "चालतं." बाटल्या खाली ठेवल्या आणि तिथंच बसलो. संध्याकाळी फूल मिटलं.

तू लिहितोस, दादा, तिथं काय करतोस, घरी ये. पहिल्यांदा मी बोटीनं निघालो तेव्हा आईही म्हणाली होती, "घर हय आसा, इसरा नको." विसरलो नाही. आपल्या वाडीतले जेवढे मुंबईला आले ते सगळे असंच बोलतात, घर गावी, इथं खोली. मीही कार्डावर कायम लिहिलं, खोलीवर सर्व ठीक. आता तो शब्द लिहायला हात वळत नाही. तिनं झाड कुठं लावायचं ते ठरवलं ते इथं.

मी या मे महिन्यात येत नाही. पाऊस पडला की दोन्ही तांबड्या खिडकीखाली हलवायच्या आहेत. सुधीर येतोय, त्याच्याबरोबर गुलाबीची एक फांदी पाठवतो. तिला चिंधी बांधली आहे. तिचं कापड घरात एकही राहिलं नाही, म्हणून माझ्या सदऱ्याची आहे, पांढरी. पण फांदी गुलाबीचीच आहे.

अंगणात लाव. पुढं.