आत्याचे नऊ मंगळवार

पंचविसाव्या वर्षी मी एका आजीला जन्म दिला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, ठाकुर्लीच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये आमचा फरसाणाचा कारखाना होता आणि मी तिथे माल रवाना करायच्या कामावर होतो. संध्याकाळी एकांकिका करायचो, म्हणून शेठच्या लेखी मी साहित्यिक. एक दिवस त्यांनी चकलीचं कोरं पाकीट माझ्यापुढे टाकलं. "दोन ओळी लिही. बाईमाणसाने उचललंच पाहिजे." मी लिहिलं, 'आजीच्या हातची खुसखुशीत चकली'. शेडमध्ये आजी नव्हती. यंत्र होतं, आणि ते चालवणारा गडी अजून लग्नाच्या खटपटीत होता. पण चित्रकाराने आजी काढली. नऊवारी, नथ, गालावर खळी. चकली अशी खपली की शेठनी आजीला चिवड्यावरही बसवलं.

मग मला चेवच चढला. 'घरगुती' हा शब्द मी इतक्या पाकिटांवर लिहिला की शेडमध्ये चुकून कुणी चपला काढून आत येईल अशी भीती वाटावी. तारखेचा रबरी शिक्का होता, तो येत्या परवाची तारीख लावून मारायचा असा नियम होता. म्हणजे आमच्या शेवेचा जन्म तिच्या जन्माआधीच व्हायचा. मला हे सगळं फार मजेचं वाटे. रात्री तालमीला जाऊन मी मित्रांना नकला करून दाखवत असे आणि ते लोळून हसत.

त्याच हंगामात उपवासाची भाजणी आली. राजगिरा, साबुदाणा, वरी आणि जिरं भाजून दळायचं, की झालं थालिपिठाचं पीठ. त्या पाकिटावर मी बेलाचं पान काढायला लावलं आणि खाली लाल ठळक अक्षरांत 'उपवासाला चालते'. शेठनी माझी पाठ थोपटली.

आता आत्याकडे येतो.

ठाण्याला नौपाड्यात आत्या आणि काका दोघंच राहत. मूलबाळ नव्हतं. आठवीपासून अकरावीपर्यंत मी त्यांच्याकडेच राहून शिकलो. शाळेच्या नाटकात मी राक्षस झालो तेव्हा पहिल्या रांगेत बसून एकटे काका ओरडले होते, "मारू नका रे त्याला, आमचा आहे तो!" तर भाजणी आली त्याच वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, व्यायाम करून घ्या, आशा आहे. आत्याने व्यायाम तर सुरू केलेच, शिवाय एकवीस मंगळवार बोलली. कडक उपवास. एकविसाव्या मंगळवारी काका आपल्या पायांनी गणपतीच्या देवळाची पायरी चढणार, असं तिनं ठरवूनच टाकलं. त्यात एक मंगळवार जरी मोडला तर सगळे वाया.

आत्याचा उपवास म्हणजे पोलिसी खाक्या. कोथिंबीरसुद्धा चालायची नाही. भाजणी ती स्वतः निवडून, भाजून, दळून आणायची. पण आता काकांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं, यात तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मंगळवारी नुसत्या केळ्यावर राहून तिला घेरी येऊ लागली. मी ऐटीत चार पाकिटं घेऊन गेलो.

"कारखान्यातलं?" ती म्हणाली. "कुणाच्या हातचं असतं रे हे? अंघोळ तरी करतात का?"

"अगं आत्या, सोवळं नेसतात! मी स्वतः दारात उभा असतो, काठी घेऊन."

"चावट आहेस." पण हसली. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसली. "तू आहेस ना तिथं? मग झालं."

मंगळवारमागून मंगळवार गेले. काकांची उजवी करंगळी हलली. आत्याने मला डोंबिवलीला कारखान्यात फोन लावला आणि शेठच्या देखत मला ओरडावं लागलं, "हलली? किती हलली?"

नववा मंगळवार झाला आणि ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानदाराने कळवलं, पाकिटावर घटकांची यादी छापा, नाहीतर माल ठेवणार नाही. जे जास्त ते आधी, जे कमी ते नंतर, असं हवं. शेठनी चार नावं सांगितली. क्रम विचारायला मी भाजणीच्या खोलीत गेलो. तिथे एक मावशी पीठ कालवायची. शीळफाट्याच्या पलीकडच्या, खाडीकाठच्या गावातून यायची. तोंडाने फटकळ, हाताने सोनं.

"मावशी, जास्त काय असतं? राजगिरा की वरी?"

तिनं पदराने नाक झाकलं होतं, तो पदर काढून ती माझ्याकडे बघत राहिली. "कारं, चेष्टा करतं का? पयला तांदलाचा पीठ. निम्म्याच्या वर. मंग बाकीचा."

"तांदळाचं? उपवासाच्या भाजणीत?"

"राजगिरा म्हाग परतो, शेठ बोलला. तू लिवलंस ना त्याच्यावर? मना वाटला तुला ठावं हाय." कोपऱ्यातल्या पोत्याला तिनं पायाने ढोसलं. "मी तं माज्या उपासाला पिकलेला केला खातंय."

मी शेठकडे गेलो. ते शांतपणे चहा पीत होते. "अरे, देव काय पाकीट उलटं करून वाचतो?"

"माझी आत्या खाते ती भाजणी."

"मग तिला दुसऱ्या कंपनीची दे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरीखुरी आपुलकी होती.

इथे मी नोकरी लाथाडली असती तर गोष्ट किती छान झाली असती. मी टेबलाशी बसलो आणि यादी लिहिली. राजगिरा, साबुदाणा, वरी, जिरे. सुवाच्य अक्षरात. दुसरी नोकरी नव्हती हे कारण होतं, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला यादीची चिंताच नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे आत्याचे नऊ मंगळवार होते. तिला सांगितलं तर नऊच्या नऊ गेले. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार, तेही नुसत्या पाण्यावर, आणि काका तोवर थांबतील याचा भरवसा नव्हता. न सांगावं तर दहाव्याला पुन्हा तांदूळ.

मावशीनं वाट काढली. मी सगळं सांगितल्यावर तिनं मला आधी दोन शिव्या घातल्या. मग स्वतःच्या घरी, निवडून, भाजून, जात्यावर दळून भाजणी करून आणली. "पिशवी तुमची, पीठ माजा," म्हणाली. नव्या छपाईच्या पाकिटात आम्ही ती भरली आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर पाकिटाचं तोंड चिकटवलं.

दहाव्या मंगळवारी आत्या म्हणाली, "यावेळची थालिपिठं तेवढी कुरकुरीत नाही झाली रे. तुमचा माल उतरला वाटतं."

"शेठला सांगतो," मी म्हटलं.

पुढचे चार मंगळवार मी मावशीचं पीठ पोचवत राहिलो. चौदाव्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी काकांना दुसरा झटका आला. मी पोचलो तेव्हा आत्या त्यांची करंगळी धरून बसली होती.

काकांचं तेरावं झाल्यावर तिनं मला आत बोलावलं. "तुला म्हणून सांगते," ती म्हणाली, "माझ्याकडून चूक झाली. सहाव्या मंगळवारी ह्यांना पेज भरवत होते. गरम आहे का बघायला चमचा ओठाला लावला. थेंबभर गेली असेल पोटात. भाताची पेज. माझ्या लक्षात आलं होतं रे, पण मी म्हटलं, थेंबानं काय होतंय. तेवढ्यानं गेले हे."

मी तिच्यासमोर बसलो होतो. त्याच मंगळवारी तिनं दोन थालिपिठं भरून तांदूळ खाल्ला होता, मी आणलेला. एक वाक्य बोललो असतो तर तो थेंब पुसला गेला असता. मी रंगमंचावर तासतास बोलणारा माणूस. मी म्हटलं, "असं काही नसतं, आत्या." आणि दिवाळीच्या आत नोकरी सोडली.

सांगायला मला पाच-सहा वर्षं लागली. तोवर तिचे मंगळवार निर्जळी झाले होते. दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब नाही. कसले मंगळवार म्हणून विचारलं तर म्हणायची, "फेडतेय." साखर वाढली, डॉक्टर रागावले, तरी तेच. शेवटी एका मंगळवारी दुपारी तिचे सुकलेले ओठ बघून मी सगळं ओकलो. पोतं, मावशी, शेठ, निम्म्याहून जास्त तांदूळ, नऊ मंगळवार. "तुझा थेंब नव्हता, आत्या. मी होतो."

ती ऐकून घेत होती. मग हसली, अगदी तशीच, चावट म्हणताना हसायची तशी.

"लहानपणापासून तुझी नाटकं बघत आलेय. मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोयस."

"अगं खरंच सांगतोय!"

ती उठली. देवघराखालचा डबा काढला. फुलवाती ठेवायला तिनं आमचंच एक पाकीट धुऊन पुसून ठेवलं होतं. वाती तिनं तबकात काढल्या, चष्मा लावला आणि मला मोठ्यांदा वाचून दाखवलं. "राजगिरा, साबुदाणा, वरी, जिरे. कुठे आहे तांदूळ? दाखव."

यादी असलेलं पाकीट. म्हणजे नव्या छपाईचं. तिला तसली फक्त मीच दिली होती, मावशीच्या पिठाची. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

"हे नंतरचं आहे," मी म्हटलं. "आधीच्यांवर यादी नव्हती."

"बरं," ती म्हणाली, जसं आजाऱ्याला म्हणतात तसं. वाती पुन्हा पाकिटात भरल्या. "चहा टाकते तुझ्यापुरता. मला आज नाही."