शेवटच्या बाकावरचा माणूस

माझ्या ताईचं ठरत आलेलं लग्न मी दोन मिनिटांत मोडलं आणि त्याबद्दल मला शाईची बाटली बक्षीस मिळाली.

बक्षीस देणारं आमचं वक्तृत्व मंडळ दौंडला शाळेच्या एका वर्गात दर रविवारी सकाळी भरायचं. चालवायचे कदम मास्तर. पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, जो विषय निघेल त्यावर दोन मिनिटं बोलायचं आणि त्या दिवशी जो सगळ्यांत चांगला बोलेल त्याला शाईची बाटली. मास्तरांचा नियम एकच. "शेवटच्या बाकावरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोल. त्याला पटलं की मधल्यांना आपोआप पटतं."

मंडळात गेलो तेव्हा मी मोर्चा-संपांची पत्रकं वाचून बोलायला शिकलेला मुलगा होतो. (आईकडे मीठ मागतानाही 'आमची आग्रहाची मागणी आहे' अशी सुरुवात व्हायची.) मास्तरांनी मला श्वास घ्यायला, मध्येच थांबायला आणि मुठी खाली ठेवायला शिकवलं. म्हणजे आधी नुसता आवाज होता, आता तो नेमका लागायला लागला. अनर्थ झाला तो त्यामुळेच.

ते आणीबाणीचे दिवस होते. हॉटेलात माणसं आधी मागे वळून बघायची आणि मग चहात साखर जास्त मागायची. मला तर संशय घ्यायला आणीबाणीचीही गरज नव्हती. त्यामुळे एका रविवारी शेवटच्या बाकावर पांढरी टोपी घातलेला, मांडीवर काळी छत्री आणि हातात छोटी वही घेतलेला अनोळखी माणूस दिसला, तेव्हा मी क्षणात ओळखलं. साध्या वेशातला पोलीस!

चिठ्ठीत विषय निघाला 'वक्तशीरपणा'. मनात बरंच काही जळजळीत होतं. पण नियमाप्रमाणे शेवटच्या बाकाकडे बघितलं आणि तोंडातून सरकारी जाहिरातीतलं वाक्य निघालं, "गाड्या हल्ली वेळेवर धावतात, हे पाहून ऊर भरून येतो." (आमचे आप्पा रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर. त्यांनी हे ऐकलं असतं तर माझं ताट वाढणं बंद झालं असतं.) तो माणूस खूश दिसला. मान डोलावून त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

मंगळवारी बबन न्हाव्याने माझी दाढी करता करता बातमी दिली.

"एक छत्रीवाला पाव्हना शनवारपास्नं तुमचं घर इच्यारत फिरतोय. आप्पांना दारूबिरूचा नाद हाय का, पोरगा कुणात ऊठबस करतो..."

"तू काय सांगितलंस?"

"खरं त्येच सांगितलं. म्हनलं, पोरगा लई बोलतो, ऐकायचं आसंल तर रविवारी शाळंत जावा."

गळ्यावर वस्तरा होता म्हणून मी गप्प बसलो.

बुधवारी शेजारच्या हिरामावशी म्हणाल्या, "तुझ्या ताईचं बी इच्यारलं बरं का त्यानं. शिकली किती, तापट हाय का, नोकरीवरनं घरी कवा येती."

म्हणजे आता ताईलाही गोवणार.

ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नेमकं त्याच महिन्यात तिला शिरूरचं स्थळ आलं होतं. मुलगा क्लार्क. त्याने पोहे खाताना स्वयंपाकाचं काही न विचारता 'वर्तमानपत्र कोणतं वाचता' असं विचारलं होतं. इतक्या स्थळांत हे पहिल्यांदाच घडत होतं. ताई त्या रात्री आईला म्हणाली होती, "हेच हवं. दुसरं दाखवू नका." मुलाला वडील नव्हते. "मामांना विचारून कळवतो," म्हणून तो गेला, आणि तेव्हापासून ताई पोस्टमनची सायकल वाजली की दारात यायची. या मामांना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं.

मी मात्र पोलिसाच्या विचारात. घरातली सगळी पत्रकं पिठाच्या डब्यात तळाशी दडवली. दोन दिवसांनी आई म्हणाली, "भाकरीला शाईचा वास कसा येतोय?"

"गप खा," आप्पा म्हणाले. "शिकल्याल्या घरातली भाकरी हाय."

त्या वाक्यासरशी माझी भीती संपून लाज सुरू झाली. पत्रकं पिठात लपवणारा आणि पोलिसापुढे गाड्यांचं कौतुक करणारा मी कसला वक्ता? ठरवलं, पुढच्या रविवारी जे होईल ते होईल.

रविवारी तो माणूस होताच. तोच बाक, तीच वही. मी डब्यात हात घातला. विषय निघाला 'पाहुणचार'.

मी श्वास घेतला, मुठी खाली ठेवल्या आणि शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"पाहुणे दोन प्रकारचे. एक समोरच्या दाराने येतात. दुसरे वर्दी घरी ठेवून, छत्री घेऊन येतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत फिरतात, या घरात काय शिजतं? (इथे मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे थांबलो.) त्यांना मी सांगतो, आमच्या घरात स्वाभिमान शिजतो. त्यातलं तुम्हाला चमचाभरही मिळणार नाही. चहाही नाही. आमच्या आयाबहिणींची नावं वहीत लिहिणाऱ्यांनी आल्या वाटेने परत जावं!"

वर्ग टाळ्यांनी दणाणला. मास्तरांचे डोळे भरून आले. तेवढ्यात तो माणूस उभा राहिला.

"मी पोलीस न्हाई बाबा," तो म्हणाला. "शिरूरचा हाय. तुझ्या ताईला बघून गेला त्या पोराचा मामा." मग त्याने वही उघडून वाचलं. "गेल्या रविवारी लिवलं हुतं, भाऊ गरीब सवभावाचा." त्याने ती ओळ खोडली, छत्री उचलली आणि तो एसटी गाठायला निघून गेला.

मास्तरांनी खाली मान घालून मला शाईची बाटली दिली. नियम म्हणजे नियम.

घरी आप्पांनी एवढंच विचारलं, "सोयरीक करायच्या आदी मानूस चार घरी चौकशी करनारच. येवढं बी ठावं न्हाई तुला?"

"पत्रकात नव्हतं," मी म्हणालो.

ताई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने माझी बाटली उघडली, पेनात शाई भरली आणि शिरूरला पत्र लिहिलं. टाकण्याआधी मला वाचायला दिलं. शिक्षा म्हणून.

'मामा, माझ्या भावाने तुम्हाला ओळखलं नाही, त्याची मी माफी मागते. पण तुम्ही माझ्याबद्दल सगळ्या गल्लीला विचारलंत, मला मात्र एकदाही विचारलं नाहीत. समोरच्या दाराने या. जे हवं ते मला विचारा. चहा मिळेल. भाऊ घरी नसेल.'

आठवड्याने मामा आले. समोरच्या दाराने, वही न आणता. (मी होतो. मोरीत.)

"पत्र तू लिवलंस का भावानं?" मामांनी विचारलं.

"मी. त्याला माफी मागता येत नाही. मंडळात तो विषय अजून निघालेला नाही."

मामा पोट धरून हसले. चहा झाला. दुसराही झाला. मग ते गंभीर होऊन आप्पांना म्हणाले, "हुंडा नको, मानपान नको. आमची मागनी येकच."

आप्पांनी श्वास रोखला. मोरीत मीही रोखला.

"लग्नात नवरीच्या भावानं भाषन करायचं न्हाई."

वरपक्षाच्या कोणत्याही मागणीपुढे झुकू नका, असं मंडळात सहा वेळा गर्जून सांगणारा मी मोरीतून बाहेर आलो आणि मान हलवली. ती मागणी आम्ही पूर्ण पाळली. लग्नात मी पंगतीला मीठ वाढत होतो, आणि तेही न बोलता.