माहेरचं मीठ आणि माळावरचं तरस

कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. मांसभक्षक प्राण्यांचा धडा आला की मुलांना दरवर्षी एकच प्रश्न विचारते, तरस कोणाचं नातेवाईक? सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, कुत्र्याचं. दिसतंच तसं ते, मुलांचा काय दोष. पण तरसाचं सोयरंधायरं निघतं मांजर आणि मुंगसाच्या बाजूचं. एकेकाळी केवढा गोतावळा होता या कुळाचा, आता जेमतेम चार जाती उरल्यात. आफ्रिकेतलं ठिपक्यांचं, जे हसल्यासारखं ओरडतं आणि त्यापायी फुकट बदनाम झालंय. तिकडचंच तपकिरी. एक लहानखुरं, जे वाळवी चाटून पोट भरतं. आणि चौथं आपलं, पट्ट्यापट्ट्यांचं. आपलं गप्प असतं. एकटंदुकटं फिरतं, मेलेलं खातं, हाडंसुद्धा फोडून पचवतं, इतकी की त्याची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी पडते. एवढं सांगून झालं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "मॅम, पण ते क्यूट आहे का?" नाही रे बाबा. पुढचे पाय लांब, मागचे आखूड, पाठ उतरती, मानेपासून शेपटीपर्यंत ताठ केस. क्यूट असतं तर आत्तापर्यंत त्याच्या नावाने चार मोर्चे निघाले असते, असं म्हणून मी पुढच्या धड्याकडे वळते.

हे सगळं शहाणपण माहेरी, ठाण्याच्या नौपाड्यात बसून पुस्तकांतून मिळवलेलं. लग्न करून गेले ते कल्याणजवळ, शहाडच्या पुढे, नदीपलीकडच्या गावात, आणि तिथे गावामागच्या माळावर तरस खरोखरच राहत होतं. गावात तबेले बरेच. एखादं पारडू मेलं की तबेलेवाले ते माळाच्या कडेला टाकून येतात आणि दोन दिवसांत तिथे काही उरत नाही. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले तरी तरसाची सोय आमच्या म्हशींनी अशी लावून दिलेली. मला केवढा आनंद झाला होता हे कळल्यावर! नवरा म्हणाला, "आईसमोर तेवढं नाव काढू नकोस." का, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. त्या घरात काही गोष्टी विचारायच्या नाहीत एवढंच सगळ्यांना माहीत असतं.

आम्ही नवरा-बायको कल्याणला राहतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गाव सोडायला तयार नाहीत, म्हणून शनिवार-रविवार आम्हीच जातो. त्यांचं माहेर ठाण्याच्या खाडीवरचं, पिढ्यानपिढ्या मिठागरात राबलेलं घर. त्यांचा भाऊ दरवर्षी पावसाळ्याआधी खडेमिठाची एक गोण घेऊन येतो. मिठागर कधीचं बंद पडलंय, पण मामा कुठूनतरी मिळवतातच. माहेरहून लेकीकडे मीठ गेलंच पाहिजे, अशी त्यांच्याकडची रीत. आई भावाला पोटभर जेवायला घालतात आणि तो गेला की गोण सरळ गोठ्यात, म्हशींना चाटायला. स्वयंपाकघरात पिशवीतलं बारीक मीठ. एकदा मी विचारलं, "आई, हे आपण जेवणात का नाही घालत?" तर म्हणाल्या, "खारट हाय." मीठ खारट असणारच.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारी दुपारी मी माळावर पाय मोकळे करायला गेले होते. खडकाच्या एका कपारीपाशी पांढऱ्या विष्ठेच्या गोळ्या दिसल्या, मग पारडाच्या पायाचं फोडलेलं हाड. लांब झुडपाआड बसून राहिले. तासाभराने कपारीखालच्या बिळातून दोन पिल्लं बाहेर आली. अंगावर ठळक काळे पट्टे, कान डोक्याच्या मानाने भलतेच मोठे. एकाने हाड ओढायला घेतलं, दुसऱ्याने पहिल्याचा कान. इतकी वर्षं फळ्यावर काढलेलं चित्र समोर भांडत होतं.

पण लगेच सोमवार आठवला. तो माळ आमच्याच घरचा, सातबारा आईंच्या नावावर. बिल्डरशी बोलणं पक्कं झालं होतं आणि सोमवारी जेसीबी येऊन थेट त्या खडकापासून रस्ता काढणार होता. तरसाची पिल्लं महिनोन् महिने बिळाच्या आसऱ्याने वाढतात, मादी बाहेरून तोंडात धरून खाणं आणते. जेसीबी आला असता तर ती दोघं तिथेच गाडली गेली असती. थांबवायचा अधिकार एकट्या आईंचा.

आई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले, चार शेंगा हातात घेतल्या आणि सांगून टाकलं. बीळ, पिल्लं, सगळं. "काही महिने रस्ता थांबवा आई, पिल्लं आईमागे हिंडायला लागली की ती आपणहून जातील." हे निरुपद्रवी जनावर आहे, घाण साफ करतं, जिवंत माणसाच्या वाटेला जात नाही, असंही बरंच काही बोलले. शिकवायची सवय, दुसरं काय. त्यांनी ऐकून घेतलं. मग हातातली शेंग खाली ठेवली.

"जित्त्याच्या वाटंला जात नाय," त्या म्हणाल्या. "मेल्याच्या जातं ना?"

माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, हे मला त्या दिवशी कळलं. काही महिन्यांचा होऊन तापाने गेला. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. सासरच्या गावात माळाच्या पायथ्याशी पुरायचे आणि वर मोठाले दगड, बाभळीचे काटे रचायचे, तरसाने उकरू नये म्हणून. त्यांच्या माहेरची रीत वेगळी. खाडीकाठी नुसता चिखल, दगड आणणार कुठून, आणि तरसही नाही. तिथे खड्ड्यात भरपूर मीठ घालत. त्यांचे वडील आपल्या मिठागराचं मीठ पाट्या भरभरून घेऊन आले आणि म्हणाले, आमच्या मिठाला कोणी तोंड लावत नाही, नातवावर दगड नका टाकू. रडणाऱ्या व्याह्याचा शब्द सासरच्यांनी मोडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा उघडा होता.

"दगड घातलं असतं तं माझा पोर तिथंच रायला असता," आई म्हणाल्या. "बापूस मरंपर्यंत मी त्याच्याशी धड बोलली नाय."

मला रडू फुटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पन्नासेक वर्षांचा राग होता आणि तो रोजच्या भाकरीसारखा त्यांच्या सवयीचा झाला होता. गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण माझा स्वभाव! थोड्या वेळाने मी म्हटलं, "पण आई, या पिल्लांनी काय केलंय?"

त्या उठल्याच. शेजारच्या तबेल्यातल्या दोन गड्यांना हाक मारली आणि सांगितलं, माळावर जाऊन खडकाखालचं बीळ बुजवा. मोठे दगड घाला, वर बाभळीचे काटे. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या टायमाला रायलं, तं आथा."

मी भडकले. सासूबाईंशी इतकी कधी भांडले नव्हते. आत पिल्लं तडफडून मरतील म्हणाले, वनखात्याला फोन करते म्हणाले. "कर," त्या म्हणाल्या. नवऱ्याकडे बघितलं तर तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. आमच्या घरात सासू-सुनेच्या मध्ये पडायचं नाही हा नियम त्याने इतका मन लावून पाळलाय की विचारू नका. मी फोन केला. उद्या सकाळी माणूस पाठवतो, असं उत्तर आलं. मी स्वतः जाऊन दगड काढणार होते, तर गडी वाटेतच भेटले. बाई जाऊ नका, म्हणाले, मादी माळाखालच्या नाल्यात उभी आहे, सगळे केस फुलवून. मी परत आले.

रविवारी उजाडताच निघाले. फाटकापाशी काठीचा आवाज आला. आई मागून येत होत्या. "मी पन येते," एवढंच म्हणाल्या. कशाला, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. आपलं काम पक्कं झालंय का ते बघायला, असंच मला वाटलं आणि मनातून मी त्यांच्यावर आणखी चिडले.

कपारीपाशी पोचलो. बिळाच्या तोंडावर दगड जसेच्या तसे. काटेही तसेच, एक फांदी हललेली नाही. मग डावीकडे खडकाखाली ताज्या मातीचा ढीग दिसला. दगडांना हात न लावता मादीने बाजूने, मऊ जमीन शोधून, नवंच भगदाड पाडलं होतं. कडेच्या ओल्या मातीवर नखांचे ओरखडे होते, एका जागी थोडं रक्त. मी पालथी पडून टॉर्च मारला. आत कोणी नव्हतं. नाल्याकडे मोठ्या पावलांचे ठसे गेले होते, परत आले होते, आणि पुन्हा गेले होते. एकेक पिल्लू तोंडात धरून नेलं होतं तिने.

मी उठून अंगावरची माती झटकली. आई दगडांसमोर उभ्या होत्या. वाकून त्यांनी वरच्या दगडाला हात लावला, ढकलून बघितला.

"हललाच नाय."

"नाही."

"काटं पन तसंच."

"हो."

त्या भगदाडापाशी गेल्या आणि वाकून आत बघितलं. मग मला म्हणाल्या, "तू शिकलेली हायस. खरं सांग. तवा दगड असतं तं?"

मी खरं तेच सांगितलं. "आई, कधी दगडाने अडतंही, म्हणून तर रीत पडली. कधी नाही अडत. तेव्हाचं मला नाही सांगता यायचं."

"मना येतं," त्या म्हणाल्या आणि तिथेच मातीवर बसल्या. "तिला यायचं व्हतं, ती आयली. दगडाचं काय घेऊन बसली मी. बापसाला उगाच छळला गो बाय. उगाच छळला." आणि मग त्या रडल्या. मी त्यांना जवळ घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घेत होते, त्यामुळे त्यांचा पदर माझ्या बांगडीत अडकला आणि तो सोडवायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

वनखात्याचा माणूस आला तेव्हा त्याला दाखवायला रिकामं बीळ होतं. त्याने फोटो काढले आणि गेला. घरी आल्यावर आईंनी मुलाला बोलावून सांगितलं, बिल्डरला फोन लाव, रस्ता पावसाळ्यानंतर बघू. तो म्हणाला, "पण आता तर ती गेली ना?" तर म्हणाल्या, "पोरं घेऊन जेली. परत आयली तं?" ती मादी काही परत आली नाही. मी अजून दर आठवड्याला जाऊन बघते.

त्या दुपारी आईंनी कोलंबीचं कालवण केलं. मी वाटण वाटत होते. त्या गोठ्यात गेल्या आणि मामांच्या गोणीतलं मूठभर खडेमीठ पदरात घेऊन आल्या. धुतलं, निवडलं आणि कालवणात घातलं. खडेमिठाचा अंदाज त्यांच्या हाताला राहिला नव्हता. जेवायला बसलो तर पहिल्याच घासाला नवऱ्याने तोंड वाकडं केलं. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. आई खाली मान घालून जेवत होत्या.

"बरोबर हाय ना मीठ?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि आणखी वाढून घेतलं.